श्रेणीबद्ध रचनेत वारशाने येणारी मूल्ये साठवताना या चुका टाळा

किराणा दुकानासाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर लिहिताना वस्तूंची यादी सपाट ठेवून भागत नाही. ‘किराणा’ या मुख्य वर्गाखाली ‘धान्य’, त्याखाली ‘तांदूळ’, त्याखाली ‘पाकीटबंद’ आणि ‘सुटा’ असे दोन पोटवर्ग आणि तळाशी प्रत्यक्ष वस्तू, अशी उतरंड आपोआप तयार होते. कराचा दर, मोजण्याचे एकक, माल परत घेण्याची मुदत या गोष्टी (प्रॉपर्टी) प्रत्येक वस्तूवर लिहीत बसण्यापेक्षा वरच्या वर्गावर एकदाच लिहाव्यात आणि खालच्या नोडने (उतरंडीतला प्रत्येक वर्ग किंवा वस्तू म्हणजे एक नोड; त्याच्या लगेच वरचा तो पॅरेंट, खालचा तो चाइल्ड) त्या वारशाने घ्याव्यात, हे कोणालाही चटकन सुचते आणि ते योग्यही आहे. बिघाड होतो तो साठवणुकीत. एखाद्या नोडवर कोणी मुद्दाम नोंदवलेले मूल्य आणि त्या नोडला वरून मिळून प्रत्यक्षात लागू होणारे मूल्य, या दोन गोष्टी कोडमध्ये एकाच जागी ठेवल्या की पुढच्या बहुतेक तक्रारींची सोय झालीच म्हणून समजावे. या लेखात पहिल्याला ‘स्वतःचे मूल्य’ आणि दुसऱ्याला ‘लागू मूल्य’ म्हटले आहे.

साठवायचे ते फक्त स्वतःचे मूल्य. लागू मूल्य दर वेळी शोधून काढायचे असते, आणि त्याची रीत एवढीच आहे:

लागू_मूल्य(नोड, नाव):
  जोपर्यंत नोड आहे:
    नोडच्या स्वतःच्या नोंदींत ‘नाव’ असेल, तर ते मूल्य परत द्या
    नोड = नोडचा पॅरेंट
  त्या प्रॉपर्टीचे डिफॉल्ट मूल्य परत द्या

तिसऱ्या ओळीतल्या ‘नोंदींत … असेल’ या शब्दांकडे नीट पाहावे, कारण पहिली चूक नेमकी तिथेच होते.

शून्य, रिकामे आणि ‘नाही’ यांत गल्लत

सुट्या तांदळावर जीएसटी नाही. मात्र १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के दर लागू झाला. समजा, ‘तांदूळ’ या वर्गावर ५ आणि ‘सुटा’ या पोटवर्गावर ० असे नोंदवले आहे. शोधणारे कोड जर ‘स्वतःचा दर किंवा पॅरेंटचा दर’ अशा धर्तीवर, म्हणजे पायथनमध्ये ‘ऑर’ वापरून किंवा जावास्क्रिप्टमध्ये दोन उभ्या रेघा वापरून लिहिले असेल, तर शून्य हे खोटे समजले जाते, कोड वर चढते आणि सुट्या तांदळाच्या बिलावर ५ टक्के कर लागतो. ना कुठला एरर, ना लॉगमध्ये काही नोंद. रिकाम्या स्ट्रिंगची आणि ‘फॉल्स’ या मूल्याची गतही हीच होते, आणि पीएचपीतील ‘एम्प्टी’ फंक्शन तर अवतरणचिन्हांतल्या शून्यालाही रिकामे समजते. जावास्क्रिप्टमध्ये २०२० च्या आवृत्तीपासून दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर आहे, जो डावीकडे फक्त ‘नल’ किंवा ‘अनडिफाइंड’, म्हणजे मूल्यच नाही, असे असेल तरच उजवीकडे जातो. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतले ‘कोअलेस’ही शून्याला मूल्यच मानते. ही साधने वापरली की शून्याचा प्रश्न मिटतो.

त्याने सगळा प्रश्न मात्र मिटत नाही. ‘धान्य’ या वर्गाला परत घेण्याची मुदत ७ दिवस आहे आणि सुट्या तांदळाला मुदतच लागू नाही, असे नोंदवायचे झाले तर तिथे ‘नल’ लिहून चालणार नाही, कारण ‘नल’ म्हणजे ‘वर जाऊन विचारा’ असे आपण आधीच ठरवून बसलो आहोत. म्हणून ‘काही सांगितलेले नाही’ आणि ‘नाही असे सांगितले आहे’ या दोन अवस्था साठवणुकीतच वेगळ्या असायला हव्यात. डेटाबेसमध्ये प्रत्येक प्रॉपर्टीसाठी एक कॉलम ठेवला तर ‘नल’ला एकच अर्थ देता येतो, त्याऐवजी नोड, प्रॉपर्टी आणि मूल्य अशा तीन कॉलमचे वेगळे टेबल ठेवले, तर ओळ नसणे म्हणजे वारसा आणि ओळ असून मूल्य ‘नल’ असणे म्हणजे स्पष्ट नकार, असा भेद सहज पाळता येतो. पीडीएफच्या रचनेत हा भेद फार नेटकेपणाने केलेला आहे: पानाला कोणतेही रिसोर्सेस (फॉन्ट, चित्रे वगैरे) लागत नसतील तर तिथे रिकामी डिक्शनरी, म्हणजे नाव-मूल्यांच्या जोड्यांचा रिकामा संच, लिहायची असते, आणि ती नोंद गाळली तर त्याचा अर्थ ‘वरच्या नोडकडून घ्या’ असा होतो.

संपादनाचा फॉर्म वारसा मोडतो

साठवणूक नीट असूनही वारसा हळूहळू नाहीसा होत असेल, तर संशयाची सुई आधी फॉर्मकडे वळवावी. वस्तूचा फॉर्म उघडला की चौकटींत लागू मूल्ये दिसतात, वापरकर्ता फक्त नावातली एक चूक दुरुस्त करून ‘सेव्ह’ दाबतो आणि कोड फॉर्ममधली सगळी मूल्ये त्या वस्तूची स्वतःची म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी कोणाला काही जाणवत नाही, कारण आकडे तेच असतात. पुढे वरच्या वर्गाचा दर बदलला की ज्या वस्तूंना कधी ना कधी हात लागला होता त्या जुन्याच दरावर अडकून राहतात, उरलेल्या बदलतात, आणि यात काही सूत्र आहे हे शोधायलाच वेळ जातो. अशी तक्रार आली की कोणत्या वस्तू मागे राहिल्या हे पाहण्याबरोबरच त्या शेवटच्या केव्हा सेव्ह झाल्या हेही पाहावे.

यावर उपाय असा की प्रत्येक चौकटीशेजारी ‘वरच्या वर्गातून घ्या’ अशी निवड स्पष्ट दाखवावी, वारशाचे मूल्य चौकटीत फिक्या रंगात ठेवावे आणि सर्व्हरकडे फक्त बदललेल्या प्रॉपर्टी पाठवाव्यात. हो किंवा नाही अशा प्रॉपर्टीला साधा चेकबॉक्स पुरत नाही, कारण तिथे अवस्था तीन असतात. ‘स्वतःचे मूल्य काढून टाका’ ही क्रियाही स्वतंत्र हवी. चौकट रिकामी करणे म्हणजे वारसा की रिकामे मूल्य, हा अंदाज कोडवर सोपवू नये.

नवा नोड तयार करताना पॅरेंटची मूल्ये त्यात कॉपी करून ठेवणे हा याच चुकीचा दुसरा अवतार आहे. वेगासाठी कॉपी करायचीच असेल, तर प्रत्येक मूल्याबरोबर ते वारशाने आले की स्वतःचे आहे ही खूण साठवावी. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टीममध्ये परवानग्यांचे असेच चालते: वरच्या फोल्डरकडून आलेली नोंद प्रत्येक फाइलजवळ प्रत्यक्ष लिहिलेली असते, पण ‘वारशाने आलेली’ या खुणेसह. त्याची किंमतही दिसते. लाखो फाइली असलेल्या फोल्डरची परवानगी बदलली की ती खालपर्यंत लिहिली जाईस्तोवर वाट पाहावी लागते.

याद्या आणि डिक्शनरी: बदलायच्या की जोडायच्या?

पॅरेंटवर तीन टॅग आहेत आणि चाइल्डवर एक, तर लागू टॅग एक की चार? याचे उत्तर प्रत्येक प्रॉपर्टीसाठी आधी ठरवून लिहून ठेवावे लागते, कारण दोन्ही रूढी प्रचलित आहेत. पीडीएफच्या पानावर स्वतःचे रिसोर्सेस असतील तर वरच्या नोडचे रिसोर्सेस पूर्ण बाद होतात, त्यांची बेरीज होत नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंग्जमध्ये) मात्र अनेक मूल्ये घेणारी किल्ली सिस्टीम, ग्लोबल आणि लोकल अशा सर्व पातळ्यांवरची मूल्ये गोळा करते. जोडणी हा नियम निवडला तर वरची एखादी नोंद वगळण्याचीही सोय द्यावी लागते. माझ्या मते शक्य तिथे पूर्ण बदलण्याचाच नियम ठेवावा. तो समजावून सांगायला एक वाक्य पुरते.

इथेच दडलेली दुसरी खोड अधिक त्रासदायक आहे. शोधणाऱ्या फंक्शनने पॅरेंटची यादी जशीच्या तशी हातात दिली आणि चाइल्डच्या कोडने तिच्यात एक नोंद ‘अपेंड’ केली, तर बदल पॅरेंटमध्ये होतो आणि सगळ्या भावंडांना लागू होतो. जावास्क्रिप्टच्या प्रोटोटाइपवर ठेवलेला ॲरे आणि पायथनच्या क्लासवर ठेवलेली यादी याच कारणाने दगा देतात. पायथन ३.३ पासून उपलब्ध असलेला, अनेक डिक्शनरींत एकापाठोपाठ शोधणारा ‘चेनमॅप’ नवी नोंद फक्त पहिल्या डिक्शनरीत लिहितो, त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे वाटते. पण वरच्या डिक्शनरीतून मिळालेली यादी तिथल्या तिथे बदलली तर तोही वाचवू शकत नाही. वारशाने दिलेली यादी बदलता न येणाऱ्या रूपात, उदाहरणार्थ टपल म्हणून, द्यावी.

सूत्र उतरते की उत्तर?

वेब पानांचे काम करणाऱ्यांना ही चूक डोळ्यांनी दिसते. सीएसएसमध्ये १६ पिक्सेल अक्षरांच्या पॅरेंटवर ओळीची उंची १५० टक्के अशी दिली, तर खाली उतरते ते उत्तर, म्हणजे २४ पिक्सेल. आत ३२ पिक्सेलचे मथळे असतील तर त्यांच्या ओळी एकमेकींवर चढतात. तीच उंची एककाशिवाय १.५ अशी लिहिली तर सूत्र उतरते आणि मथळ्याला ४८ पिक्सेल मिळतात. आपल्या रचनेत टक्केवारी किंवा ‘वरच्यापेक्षा इतके जास्त’ अशी सापेक्ष मूल्ये असतील, तर ती कोणत्या पातळीवर सोडवायची हे प्रॉपर्टीच्या व्याख्येतच नोंदवावे. त्याच व्याख्येत ती वारशाने उतरते की नाही हेही असावे. सीएसएसमध्ये अक्षरांचा रंग उतरतो, बॉर्डर उतरत नाही, आणि वस्तूंच्या यादीत बारकोड तर कधीच उतरू नये.

नोड हलवताना

पीडीएफमधून एखादे पान वेगळे काढले आणि त्याचा आकारच हरवला किंवा ते आडवे झाले, तर कारण बहुधा हेच असते: मीडियाबॉक्स, क्रॉपबॉक्स, रोटेट आणि रिसोर्सेस या चार नोंदी पानाला वरच्या नोडकडून मिळू शकतात, आणि पान तोडून घेणाऱ्या कोडने फक्त पानाच्या स्वतःच्या नोंदी उचललेल्या असतात. नोड झाडाबाहेर नेण्यापूर्वी त्याची लागू मूल्ये त्याच्यावर लिहावी लागतात. झाडाच्या आतच हलवताना मात्र नव्या पॅरेंटचे नियम लागू व्हावेत अशीच सहसा अपेक्षा असते, म्हणून दोन्ही क्रियांना एकच फंक्शन वापरू नये. नोड त्याच्याच एखाद्या वंशजाखाली टाकला जात नाही ना, हे हलवण्यापूर्वी तपासले नाही तर वरचा शोध कधीच थांबत नाही.

कॅशेची घाई

अशा उतरंडी बहुतेक वेळा पाच-सहा पातळ्यांच्या असतात, आणि मेमरीत तेवढ्या पायऱ्या चढायला काहीच वेळ लागत नाही. संथपणा येतो तो प्रत्येक पायरीला डेटाबेसला वेगळी क्वेरी मारल्याने. तिथे एकाच वेळी सगळ्या पायऱ्या चढणारी रिकर्सिव्ह क्वेरी वापरावी; पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ती २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० पासून आहे. पातळीचा आकडा क्वेरीत ठेवून सर्वांत जवळच्या पूर्वजाची ओळ निवडावी, नाही तर कोणते मूल्य हाती येईल ते नशिबावर राहते. कॅशे, म्हणजे शोधलेल्या लागू मूल्यांची तयार प्रत, ठेवलाच, तर वरचा नोड बदलल्यावर त्याखालची सगळी फांदी शिळी होते. संपूर्ण झाडाला एक आवृत्ती क्रमांक देऊन प्रत्येक बदलाला तो वाढवणे हा त्यावरचा सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग आहे.

बिघाड शोधताना

मूल्याबरोबर ते कोणत्या नोडवरून आले हेही सांगणारे फंक्शन पहिल्याच दिवशी लिहावे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कोणता नियम कुठल्या पूर्वजाकडून आला ते दिसते, आणि गिटच्या कॉन्फिग आज्ञेला ‘शो-ओरिजिन’ हा पर्याय दिला की मूल्य कोणत्या फाइलमधले आहे ते कळते. आपल्या सॉफ्टवेअरमध्येही तक्रार हाताळणाऱ्याला ही सोय स्क्रीनवर मिळाली, तर निम्मा शोध तिथेच संपतो.

आधीच बिघडलेला डेटा साफ करताना जिथे स्वतःचे मूल्य आणि पॅरेंटचे लागू मूल्य सारखे आहे अशा ओळी काढून त्यांची यादी करावी. त्या थेट पुसू नयेत, कारण पुढे वरचा दर बदलला तरी ही वस्तू याच दरावर राहावी म्हणून दुकानदाराने तो आकडा मुद्दाम लिहिलेला असू शकतो. शिवाय वरचा दर मध्यंतरी बदलला असेल, तर फॉर्ममुळे चिकटलेल्या जुन्या मूल्यांच्या ओळी या यादीत येणारच नाहीत. त्यांच्यासाठी बदलाच्या तारखा आणि सेव्हच्या तारखा समोरासमोर मांडून दुकानदाराकडूनच एकेक वर्ग तपासून घ्यावा लागतो.