एकट्या पडलेल्या मुलांसाठी अ‍ॅनिमेशन करताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या अनेक वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपं लागतात. कोयते निघतात. ऊसतोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ही जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. काही मुलं आईवडिलांसोबत फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी गावातच राहतात. अशा मागे राहिलेल्या चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी आम्ही तिघांनी मिळून दीड मिनिटाची कटआउट फिल्म केली, म्हणजे कापलेली पात्रं थोडी थोडी सरकवत फोटो काढायचे आणि ते जोडून फिल्म करायची. कार्डशीटची पात्रं, एक मोबाइल आणि स्वयंपाकघरातलं टेबल एवढंच सामान. पहिला कट फसला, आणि तो कुठे फसला हे उमजायला एक अख्खा हंगाम गेला. अशा मुलांसाठी काही करू पाहणाऱ्या शिक्षकांचा, सेविकांचा, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

शेवटी आईला आणू नका

आमच्या गोष्टीत मुलगी ओट्यावर बसून वाट बघायची, दिवस मावळायचा आणि रस्त्याच्या टोकाला आई दिसायची. मिठी, आणि समाप्त. आम्हाला ते फार हृद्य वाटलं होतं. अंगणवाडीच्या खोलीत भिंतीवर पांढरं धोतर ताणून फिल्म दाखवली. शेवटचा शॉट संपायच्या आत पाचेक वर्षांचा एक मुलगा उठला, दारात गेला आणि चौकट धरून रस्त्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, कंटाळला. सेविकाताई हळूच म्हणाल्या, "सर, तो आई आली का बघतोय." नोव्हेंबर चालू होता. त्याच्या आईला यायला पाच महिने होते.

या वयाच्या मुलाला पडद्यावरची संध्याकाळ आजचीच वाटू शकते. जो शब्द आपण पाळू शकत नाही, तो फिल्मनेही देऊ नये. नव्या कटमध्ये आई फिल्मभर दूरच राहते, पण ती कधी येणार हे मुलीला कळतं, आणि तेही मुलांच्या मापात. 'तीन महिन्यांनंतर' अशी पाटी वाचता न येणाऱ्या मुलाच्या काही उपयोगाची नाही, आणि वाचून दाखवली तरी महिना म्हणजे किती, हे त्याला कुठे ठाऊक? म्हणून अंगणातल्या बोरीला आधी हिरवी बोरं दाखवली, मग पिकलेली. मग तळहातावर तिळगूळ, मग होळीच्या गोवऱ्या. सुरुवातीला आजीच्या तोंडी "पाडव्याला येती" असं वाक्य होतं. गावातल्या एका मुकादमाने ते काढायला लावलं. ऊस जास्त असला तर पट्टा लांबतो, मग पाडवा कसा सांगता? आता आजी म्हणते, "होळी हुईल, मग ऊस संपंल, मग तुझी माय यील." एवढंच, पण खरं.

दुःख मिटवायची घाई करू नका

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. मूल उदास दिसलं रे दिसलं की फुलपाखरू येतं, ढोलकी वाजते, सगळे नाचतात. बघणाऱ्या मुलाच्या मनात मग एकच येतं: हिला लगेच बरं वाटलं, मला वाटत नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.

आमच्या नव्वद सेकंदांपैकी पहिली चाळीस सेकंदं मुलगी एकटी आहे. ती विझलेली चूल बघते, कोंबडीमागे दोन पावलं जाते, परत येते, आईच्या लुगड्याच्या गोधडीत तोंड खुपसते. मग आजी येऊन शेजारी बसते. समजूत काढत नाही, भुईमुगाच्या शेंगा फोडत राहते. थोड्या वेळाने मुलीचा हात हळूच पुढे येतो आणि एक शेंग उचलतो. त्या शेंगेच्या वेळी खोलीत जी शांतता झाली, ती आमच्या कुठल्याही गाण्याच्या जागी झाली नव्हती.

एकटं असणं आणि एकटं वाटणं यांत गल्लत करू नका. झाडाखाली तंद्री लावून चिखलाचे बैल करणारं मूल सुखात असू शकतं, आणि वीस जणांच्या घोळक्यातलं एखादं अगदी एकटं. त्यामुळे एकट्याने खेळणं हे फिल्ममध्ये वाईट म्हणून दाखवू नका.

बोलणारा पोपट किंवा जादूचा मित्र आणून शेवटी त्याला उडवून लावलंत, तर मुलाचं आणखी एक माणूस गेलं. मूल काहीतरी पराक्रम करतं आणि मगच बाकीचे त्याला खेळायला घेतात, ही गोष्ट तर मला त्याहून वाईट वाटते. कामाला आलास तर आमचा, असा तिचा अर्थ होतो. आणि न खेळवणाऱ्या मुलांना खलनायक करू नका. तीही त्याच सतरंजीवर बसून फिल्म बघत असतात, आणि उद्या सकाळी त्यांनीच सरकून जागा करून द्यायची असते.

शब्द मुलांचे घ्या

पाच वर्षांचं मूल 'मला एकटेपणा जाणवतो' असं म्हणत नाही. ते म्हणतं, पोटात दुखतंय. मला घेत नाहीत. माय कवा येणार. आधी आठवडाभर नुसते कान उघडे ठेवून बसा, मग संवाद लिहा. आमचं पहिलं निवेदन पुण्याच्या एका मैत्रिणीच्या गोड आवाजात होतं, आणि मुलांनी ते टीव्हीवरच्या बाईचं समजून सोडून दिलं. मग सेविकाताईंनाच बोलायला लावलं. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गाद्या-गोधड्यांच्या ढिगाशेजारी बसून, डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. अगदी चालण्याजोगं झालं.

चित्र लुकलुकतं, पात्र यंत्रासारखं चालतं

सेकंदाला १२ फोटो धरले तर दीड मिनिटाला १०८० फोटो लागतात. एवढी मेहनत बहुतेकदा एकाच गोष्टीने वाया जाते, ती म्हणजे मोबाइल दर फोटोला उजेड आणि रंग स्वतःच ठरवतो. मग जोडलेलं चित्र लुकलुकतं. मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) पक्का करा. खिडकीला काळं कापड लावा, कारण दुपार ते संध्याकाळ ऊन सरकत जातं. ट्यूबलाइटऐवजी दोन चांगले एलईडी दिवे दोन बाजूंनी ठेवा. पांढरा शर्ट घालून काम करू नका, त्याचा उजेड कागदावर पडतो आणि तुम्ही हललात की तोही हलतो. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर नऊशेव्या फोटोला कुणाचा तरी फोन येतो आणि स्टँडवरचा मोबाइल थरथरतो. फोटो काढताना पडद्याला हात लावू नका. वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच मोबाइलमध्ये शटरचं काम करतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टिपली, तीही कॅमेरा जागचा न हलवता, दिवसामागून दिवस. आपल्याला तर तीन-चार रात्रीच काढायच्या असतात.

पात्राचा हात दर फोटोला सारखाच सरकवला की पात्र यंत्र होतं. सुरुवातीला आणि थांबताना अगदी थोडं सरकवा, मध्ये जास्त. उदास क्षणी तर हात आवरा. मुलगी बसलेली आहे, बसू द्या. तीन सेकंदं म्हणजे ३६ फोटो, त्यात फक्त एकदा पापणी मिटते, बस. डोळ्यांतून निळे थेंब ओघळवायची गरज नसते. तिला चौकटीच्या कोपऱ्यात ठेवा, बाकी अंगण रिकामं सोडा आणि तिची नजर रस्त्याकडे ठेवा. व्हायोलिनही नको. लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू आहे, तेवढा आवाज पुरतो.

वीज चमकण्याचा प्रसंग असेल तर जपून. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झपाट्याच्या लुकलुकीने सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट होऊ देऊ नका.

फिल्म मोबाइलवर देऊन मोकळे होऊ नका

एकट्या मुलाच्या हातात मोबाइल देऊन त्याला एकटेपणाची फिल्म दाखवायची, यात सगळी मेहनत मातीत जाते. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एका तासाहून जास्त पडद्यापुढे बसू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. फिल्म दीडच मिनिटाची ठेवा आणि मुलांच्या ओळखीचं मोठं माणूस शेजारी असू द्या. आमच्या शेवटच्या शॉटमध्ये मुलं 'मामाचं पत्र हरवलं' खेळायला गोल करून बसतात आणि गोलात एक जागा रिकामी असते. चित्र तिथेच थांबतं. ताई लगेच दिवा लावतात, रुमाल काढतात आणि खोलीतली मुलं खरोखर गोल करतात. पहिलं पत्र कुणाच्या पाठीमागे पडायचं, हे ताईंनी आधीच ठरवलेलं असतं.

एखादं मूल आठवडेच्या आठवडे बोलत नसेल, जेवण सोडत असेल, झोपेतून दचकून उठत असेल, तर फिल्मवर विसंबू नका. घरच्यांशी बोला, आरोग्य केंद्रात दाखवा. मूल अडचणीत आहे असं वाटलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक आहे.

आणि पात्रांच्या दोन प्रती कापा. आम्ही एकच कापली होती, आणि फिल्म झाल्यावर ती पाकिटात घालून अंगणवाडीत दिली. संक्रांतीनंतर गेलो तेव्हा आजीचा निखळलेला हात कुणीतरी चिकटपट्टीने जोडलेला होता, मुलीला वहीच्या पुठ्ठ्याचा एक भाऊ मिळाला होता आणि पाकिटात उसाने भरलेला एक ट्रॅक्टरही होता. दुसऱ्या फिल्मसाठी आम्हाला आजी हवी होती. ती मागायचा धीर झाला नाही, नवीन कापली.