दशावताराचे फोटो काढायचे तर आधी पखवाज ऐका

पहिल्या वर्षी जत्रेतल्या नाटकाचे मी चारशेच्या वर फोटो काढले. सकाळी चहा पिता पिता बघायला घेतले, तर धड असे सहा. बाकीच्यांत राजाच्या जागी पांढरा डाग, तलवारीच्या जागी रेघ. कॅमेरा नवा होता, त्यामुळे दोष त्याच्यावर ढकलायचीही सोय नव्हती.

सिंधुदुर्गात कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात. देवाची पालखी देवळाभोवती फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमाराला दशावताराचं नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. पडदे नाहीत, नेपथ्य नाही. एक बाकडं, तेच सिंहासन. उजेड म्हणजे वर बांधलेले दोन-चार फ्लडलाइट किंवा हॅलोजन, आणि त्यांच्यापलीकडे काळोख. नवख्याने फोटोग्राफी शिकायला ही जागा अवघड आहे, पण इथे जमलं तर कुठेही जमेल.

आधी जागा धरा

नाटक सुरू व्हायच्या तासभर आधी पोचा आणि दिवे कुठे बांधलेत ते बघा. अगदी समोर बसलात तर माइकचा दांडा प्रत्येक चेहऱ्याला कापत जातो आणि समोरून पडणाऱ्या उजेडात चेहरा थाळीसारखा सपाट दिसतो. थोडं बाजूला, बाकड्यापासून तीन-चार मीटरवर, खाली मांडी घालून बसा. मागच्या आजीबाईंना तुमचं डोकं आड येता कामा नये. जत्रेत त्यांचा हक्क तुमच्यापेक्षा जुना आहे.

वेळ उरला तर रंगपटात डोकावा. नट आपली तोंडं स्वतःच रंगवतात, समोर छोटा आरसा आणि डोक्यावर एखादा बल्ब. रात्रीतले सगळ्यात सोपे आणि बहुतेकदा सगळ्यात चांगले फोटो इथेच मिळतात, कारण माणूस एका जागी बसलेला असतो आणि दिवा जवळ असतो. पण आधी विचारा. ‘काकानू, दोन फोटो काढू?’ एवढं पुरतं. अर्धवट रंगलेल्या, लुगडं नेसत असलेल्या माणसाला न विचारता टिपणं बरं नव्हे.

कॅमेऱ्याचे आकडे

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स साधारण दहापट उजेड आत घेते. एकच वस्तू विकत किंवा उसनी घ्यायची असेल तर ही घ्या. बॅग, ट्रायपॉड, फिल्टर यांचं नंतर बघू. ट्रायपॉडचा इथे तसाही उपयोग नाही. तो तुमचा हात स्थिर करतो, नाचणाऱ्या भीमाला नाही.

मॅन्युअल मोडवर जा आणि इथून सुरुवात करा: एफ २.८, शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/२०० सेकंद, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००. चेहरा अंधारला तर आयएसओ ६४०० करा. फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही. एफ १.८ वर तीन मीटरवरच्या माणसाचा जेमतेम वीतभर भागच स्पष्ट येतो. एकट्या नटाला चालेल. दोघे पुढेमागे उभे असतील तर एकाचं नाक पुसट होणार, म्हणून २.८.

फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. सगळे बिंदू कॅमेऱ्यावर सोपवलेत की तो चकाकणारा मुकुट पकडतो. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, साठवा, कारण पिवळा हॅलोजन आणि निळसर एलईडी एकाच चेहऱ्यावर पडले की रंग घरी बसूनच सुधारावे लागतात.

मॅन्युअल जमत नसेल आणि कॅमेरा ऑटोवर असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची खूण) उणे एकवर आणा. मागचा अंधार बघून कॅमेरा सगळं चित्र उजळवायला जातो आणि रंगवलेला चेहरा पांढराफटक करतो. नखशिखांत काळ्या पोशाखातला संकासुर राक्षस आला की हा घोटाळा सगळ्यात जास्त होतो. त्याला काळाच राहू द्या.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. काही फोटोंत आडवे पट्टे यायचे, काही कारण नसताना काळवंडायचे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. असं झालं तर शटर १/१०० वर आणा आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

मग ऐका

१/१०० वर तलवारबाजी गोठणार कशी? नाही गोठणार. पण दशावतारात कुणी अखंड हलत नसतं. संवाद लिहिलेले नसतात, नट जागेवर रचतो, त्यामुळे पुढचं वाक्य कुणालाच ठाऊक नसतं. पण पखवाज सगळं आधी सांगतो. गिरक्या वाढत जातात, हात जलद होतो, झांज त्याच्यासोबत चढते आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नट पाय आपटून थांबतो. मान ताठ, डोळे मोठे. अर्धा सेकंद, कधी एक. बटण तेव्हा दाबायचं. पहिला अर्धा तास कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं ऐका, ही थांबण्याची जागा कानाला कळायला लागते. बाकड्यावर बसलेला राजा समोरच्याचं बोलणं ऐकत असतो तोही असाच क्षण. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा टिपा. तो हलत नाही आणि अभिनय त्याचाही चाललेला असतो.

युद्धाच्या वेळी एखादा फोटो मुद्दाम १/१५ वर काढून बघा. दहातले नऊ फुकट जातील, दहाव्यात हालचालीचा फराटाच बघण्यासारखा येईल.

मोबाइल असेल तर

लेन्स शर्टाने पुसा, खिशातला तेलकटपणा दिव्याभोवती धुकं आणतो. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस पक्का करा आणि उजेडाची खूण खाली ओढा. नाइट मोड बंद ठेवा. तो अनेक फोटो एकावर एक रचतो, त्यात हलता माणूस विरघळतो. बोटांनी झूम करू नका, उठून पुढे जा. पडद्याचा उजेड कमीत कमी ठेवा.

फ्लॅश नको. तो तीन-चार मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही, दिव्यांचा रंग मारतो आणि नटाचे डोळे दिपवतो. फोकससाठी पेटणारा कॅमेऱ्याचा छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद करा. मी विसरलो होतो. शेजारच्या काकांनी नाटकावरची नजर न हटवता सांगितलं, ‘तो लायट आधी बंद कर.’

डिसेंबरात पहाटे दंव पडतं, लेन्सवर ओल येते. सुती फडकं आणि जादा बॅटरी जवळ असू द्या. सहानंतर पूर्वेचा निळा उजेड हॅलोजनच्या पिवळ्यात मिसळायला लागतो आणि आयएसओ हळूहळू १६०० वर, मग ८०० वर आणता येतो. प्रेक्षक पांगलेले असतात, जागा हवी तिथे मिळते. रंगपटात खोबरेल तेलाने तोंडाचा रंग पुसणं चाललेलं असतं. रात्री ज्यांना विचारलं होतं त्यांना पुन्हा विचारा, आणि फोटो पाठवतो म्हणाला असाल तर नंबर तेव्हाच लिहून घ्या. पुढच्या जत्रेत ते आधी तेच विचारतात.