तळाची आगोट : ईव्ह ऑनलाइनमधला स्वतःचा तळ कोकणातून कसा सांभाळावा

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या ऑनलाइन खेळात तळ उभा करणं फार अवघड नाही. इस्क (खेळातलं चलन) जमवायचे, तळ विकत घ्यायचा, अवकाशात ठेवायचा आणि एक दिवस कळ काढायची. अवघड असतं ते नंतरचं. छोट्या कॉर्पचे, म्हणजे खेळाडूंच्या गटांचे, तळ लढाईत जातात त्यापेक्षा इंधन भरायचं राहून गेल्यामुळे जास्त जातात.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मृग लागायच्या आत घर शाकारून होतं, सुकी मासळी, मीठ, मसाला, लाकूडफाटा आत येतो. तळालाही अशीच आगोट भरावी लागते, फक्त ती इंधनाच्या ब्लॉकच्या हिशेबात.

कोणता तळ घ्यावा

रत्नागिरी-देवगडकडच्या सहा-सात जणांची, हायसेकमध्ये (खेळातल्या जास्त सुरक्षित भागात) माल बनवणारी कॉर्प डोळ्यांसमोर ठेवून पुढचे आकडे दिले आहेत. अशा कॉर्पला राइतारू हा उत्पादनाचा तळ पुरतो. त्यात उत्पादनाला कच्चा माल १ टक्का कमी लागतो, वेळ १५ टक्के वाचतो आणि कामाचं शुल्क ३ टक्के उतरतं. चंद्रावरचं खनिज काढायचं असेल तर अथानोर. नुसतं जहाजं लावायला आणि क्लोन (पात्राची राखीव शरीरं) ठेवायला जागा हवी असेल तर अस्त्राहुस. फोर्टिझार या मोठ्या तळाच्या वाटेला सहा-सात जणांनी जाऊ नये. तो दिसतो झकास, पण त्याला पोसणारी माणसं लागतात.

तिन्ही लहान तळ गुंडाळलेले असताना ८,००० घनमीटर जागा घेतात, म्हणजे डीप स्पेस ट्रान्सपोर्ट या मालवाहू जहाजात आरामात मावतात. बरोबर क्वांटम कोर हा तळात बसवायचा वेगळा भाग घ्यावाच लागतो. २०२० पासून कोर नसलेल्या तळात एकही सेवा चालत नाही. तळ फुटला तर हा कोर शंभर टक्के बाहेर पडतो, त्यामुळे आतून रिकामा तळसुद्धा फोडणाऱ्याच्या फायद्याचा असतो. ‘आमच्याकडे आहे काय लुटण्यासारखं’ असं म्हणत स्वस्थ बसू नये.

आधी कॉर्प, मग तळ

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग पस्तावतात. हायसेकमध्ये युद्ध पुकारता येतं ते अवकाशात तळ असलेल्या कॉर्पवरच. तुमच्या नेहमीच्या कॉर्पच्या नावावर तळ ठेवला की खाणीत काम करणारी, मालवाहू जहाज हाकणारी सगळी माणसं निशाण्यावर येतात. म्हणून एक वेगळी, दोन-तीन पात्रांची कॉर्प काढा आणि तळ तिच्या नावावर ठेवा. ती तुमच्या अलायन्समध्येही (कॉर्पच्या संघातही) घेऊ नका, कारण एका सदस्य कॉर्पकडे तळ असला की सगळं अलायन्स युद्धाला पात्र ठरतं.

मग तुमची माणसं तळात शिरणार कशी? अ‍ॅक्सेस लिस्टमधून. यादी करा, त्यात आपली कॉर्प सदस्य म्हणून घाला आणि तळाच्या प्रोफाइलमध्ये डॉकिंग, उत्पादन, रिप्रोसेसिंग या प्रत्येकासमोर ती यादी जोडा. नुसतं डॉकिंग देऊन उत्पादन द्यायचं विसरणं ही नेहमीची चूक. माणूस आत येतो, पण काम लावता येत नाही, आणि दोष इंटरनेटला मिळतो. तळाचा कारभार बघणाऱ्या स्टेशन मॅनेजरची भूमिका मात्र दोघांपलीकडे देऊ नका.

घड्याळाचा अर्धा तास

खेळाचं घड्याळ यूटीसीवर चालतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. रोजचा डाउनटाइम (सर्व्हर बंद असतो ती वेळ) ११:०० यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला, चहाच्या वेळी. तळाच्या सेटिंगमध्ये तास पूर्ण असतात, त्यामुळे आपल्याकडे सगळं अर्ध्यावर येतं : १६:०० म्हणजे रात्री साडेनऊ, १७:०० म्हणजे साडेदहा.

तळ मांडायला रात्री साडेनऊची वेळ चांगली. मांडल्यावर सुरुवातीची १५ मिनिटं तो उघडा असतो, मग २४ तास त्याला कोणी हात लावू शकत नाही आणि शेवटी पुन्हा १५ मिनिटं उघडा. सुरुवात साडेनऊला केली की शेवटची १५ मिनिटं दुसऱ्या दिवशी पावणेदहाच्या सुमारास येतात, जेवणं उरकलेली असतात आणि माणसं जागी असतात. दुपारी कंटाळा आला म्हणून तळ मांडला तर शेवटची १५ मिनिटंही दुसऱ्या दुपारीच येणार, तेव्हा कोण कामावर असेल आणि कोण वामकुक्षीत. त्या वेळात तळ फुटला तर मधली कुठलीच मुदत (हल्ल्याच्या दोन फेऱ्यांमधला सुरक्षित काळ) मिळत नाही. जागा निवडताना गेट, स्टेशन आणि दुसरे तळ यांपासून १,००० किलोमीटर दूर राहावं लागतं, म्हणून आदल्या दिवशीच बुकमार्क करून ठेवा.

बचावाचा तासही १६:०० किंवा १७:०० ठेवा. ढालीवर हल्ला केव्हाही होतो, पण पुढच्या फेऱ्या तुम्ही ठरवलेल्या तासाच्या आसपास येतात. युरोपातल्या खेळाडूंची गर्दीची वेळ म्हणजे आपली मध्यरात्र ते पहाट, तेव्हा त्यांच्या सोयीचा तास ठेवून पहाटे तीनला तोफेवर बसायची हौस असेल तरच १९:०० च्या पुढे जा. बदललेला तास लगेच लागू होत नाही, म्हणून युद्धाची नोटीस आल्यावर त्याच्याशी खेळण्यात अर्थ नाही.

इंधनाचा हिशेब

ब्लॉक चार जातींचे असतात : नायट्रोजन, हायड्रोजन, हेलियम आणि ऑक्सिजन. आजच्या तळांना कुठलाही चालतो, मिसळलेलेही चालतात. जुन्या काळी टॉवरला ठरावीक जातच लागायची, त्या सवयीने काही जण अजून महाग ब्लॉक घेतात. बाजारात त्या दिवशी जो स्वस्त असेल तो उचला.

राइतारूवर एक उत्पादन मोड्यूल (उत्पादनाची सेवा देणारा, इंधनावर चालणारा भाग) धरा. मूळ खप तासाला १२ ब्लॉक, राइतारूची २५ टक्के सूट जाऊन ९ उरतात. दिवसाला २१६, तीस दिवसांना ६,४८०. एका ब्लॉकला ५ घनमीटर जागा, म्हणजे महिन्याचे ३२,४०० घनमीटर.

मोड्यूल चालू करताना वेगळे ८६४ ब्लॉक एकदम जातात, म्हणजे मूळ दराने ७२ तासांचा खप. हे पुन्हा मिळत नाहीत. ‘दोन दिवस काम नाही, बंद करून ठेवू’ असा काटकसरी विचार इथे उलटा पडतो : दोन दिवसांत वाचतात ४३२ ब्लॉक आणि परत चालू करताना जातात ८६४. चार दिवसांच्या आत परत लागणार असेल तर मोड्यूल बंद करूच नका.

ब्लॉक घरी बनवायचे तर ब्लूप्रिंटच्या एका फेरीत ४० निघतात. आयसोटोप, हेवी वॉटर, लिक्विड ओझोन आणि स्ट्रॉन्शियम बर्फातून येतात. कूलंट, मेकॅनिकल पार्ट्स, रोबोटिक्स आणि बाकीचं ग्रहांवरून. बर्फाचा पट्टा जवळ नसेल तर सरळ विकत घ्यावेत. सहा जणांची संध्याकाळ बर्फ फोडण्यात घालवून वाचतं त्यापेक्षा त्याच वेळात माल बनवून जास्त मिळतं, हे आमचं ठाम मत.

चतुर्थी आणि पावसाळा

इंधन संपलं की मोड्यूल बंद पडतं, चालू कामं थांबतात आणि तळ लो पॉवरवर (कमी शक्तीच्या स्थितीत) जातो. मग बचावाची एक फेरी कमी होते. तसाच ७ दिवस राहिला की तो बेवारस ठरतो. बेवारस तळाला मुदतीच मिळत नाहीत, एका बैठकीत फुटतो, आणि लोकांनी आत ठेवलेला मालही बाहेर पडतो. एरवी हायसेकमध्ये तळ फुटला तरी माल अ‍ॅसेट सेफ्टीत (खेळाच्या माल वाचवण्याच्या सोयीत) जातो : त्याच सिस्टममध्ये सोय असेल तर ५ दिवसांनी ०.५ टक्का शुल्कावर मिळतो, नाहीतर २० दिवसांनी १५ टक्के शुल्क भरून दुसरीकडच्या स्टेशनवर.

आता कोकणचं पंचांग यावर ठेवून बघा. चतुर्थीला मुंबई-पुण्याचे गावी येतात, गावातले आरती-भजनात आणि पाहुण्यांत अडकतात. गौरी-गणपती विसर्जनापर्यंत कॉम्प्युटर कोणी उघडत नाही. आधीच्या आठवड्यात सामानाची धावपळ आणि नंतरच्या आठवड्यात परतीचा प्रवास. तीन आठवडे कोणीच तळाकडे फिरकलं नाही तर त्यात नवल नाही. इंधन संपत आल्याची सूचना खेळातून येते, पण उशिरा, आणि ती वाचायला कोणीतरी हवं.

म्हणून श्रावण संपायच्या आत कोठारात ४५ दिवसांचे ९,७२० ब्लॉक आणि एका पुनःसुरुवातीचे ८६४, असे १०,५८४ टाका. ही ५२,९२० घनमीटर आगोट डीप स्पेस ट्रान्सपोर्टच्या फ्लीट हँगारमध्ये एका खेपेत जाते. हँगार मुळात ५०,००० चा आणि कौशल्याच्या प्रत्येक पातळीला ५ टक्के वाढतो, म्हणजे दुसऱ्या पातळीला ५५,०००. पहिल्या पातळीला ५२,५०० वर अडेल, थोडक्यात चुकेल. तशीच भरणी शिमग्याआधी आणि मे संपताना करा.

मे महिन्याचं कारण वेगळं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. बेवारस व्हायची मुदत मात्र ७ दिवस. दोन स्टेशन मॅनेजर एकाच तालुक्यातले ठेवू नका. एक गावात, एक मुंबईत किंवा पुण्यात. नेहमीच्या पावसाळी खंडित विजेला लॅपटॉप, राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस आणि फोनचं हॉटस्पॉट एवढं पुरतं. तळाच्या तोफा एका वेळी एकालाच चालवता येतात, त्यामुळे लढाईच्या रात्री दुसरा तळातच डॉक करून बसलेला हवा. पहिल्याची लाइन गेली की त्याने ताबा घ्यायचा.

अथानोरवाल्यांसाठी थोडं

चंद्रातून तुकडा ओढायला कमीत कमी ६ दिवस, जास्तीत जास्त ५६. तुकडा आला की ३ तासांत तुम्ही फोडायचा, नाहीतर आपोआप फुटतो, आणि मग खनिजाचा पट्टा ४८ तास टिकतो. शनिवारी १६:०० ला येईल असा लावला तर शनिवारची रात्र आणि अख्खा रविवार खणायला मिळतो. चतुर्थीच्या आसपास मुदत लांबवून तुकडा विसर्जनानंतरच्या शनिवारी येऊ द्या. हायसेकमध्ये हे फक्त ०.५ सुरक्षा पातळीच्या सिस्टममध्ये जमतं.

तळ हलवायचा झाला तर तो सोडवायला ७ दिवस लागतात. बसवलेल्या रिग (तळाला केलेल्या कायमच्या सुधारणा) काढता येत नाहीत, तळाबरोबर नष्ट होतात, तो खर्च बुडीत धरूनच निर्णय घ्या. आतल्या सगळ्यांना माल काढायला आधी सांगा, मग शनिवारी रात्री सोडवणी सुरू करा, म्हणजे पुढच्या शनिवारी रात्री, सगळे जागे असताना, ती संपेल. तेव्हा ८,००० घनमीटर मोकळी जागा असलेलं जहाज तिथे उभं हवं.