हर्पीसचं जीडी प्रोटीन स्टेन करताय? आधी कंट्रोल ठरवा

हर्पीस सिम्प्लेक्स व्हायरसचं जीडी (ग्लायकोप्रोटीन डी) अँटीबॉडी आणि चमकणाऱ्या रंगाने दाखवायचं म्हणजे तसं सोपं काम, हे प्रोटीन व्हायरसच्या बाहेरच्या आवरणावर असतं आणि इन्फेक्ट झालेल्या सेलच्या पृष्ठभागावरही भरपूर येतं. पण एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. याच व्हायरसची जीई आणि जीआय ही प्रोटीनची जोडी सेलच्या पृष्ठभागावर येऊन आयजीजी या अँटीबॉडीची शेपटी, म्हणजे एफसी भाग, धरून ठेवते. मग तुमची अँटीबॉडी जीडीला चिकटलीये की नुसती शेपटीने अडकलीये, हे चमक बघून कळणार कसं?

मी सुरुवातीला सशाची पॉलिक्लोनल (अनेक अँटीबॉडींचं मिश्रण) वापरत होते. इन्फेक्टेड सेल्स हिरवेगार, कोरे सेल्स काळेकुट्ट, मला वाटलं झालं काम. लॅबमधली सिनियर ताई म्हणाली, अगं त्याच इन्फेक्टेड सेल्सवर साधं आयजीजी टाकून बघ ना, ज्या सशाला जीडी कधी टोचलंच नाही त्याचं. टाकलं, तर तेही चमकलं! तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की कोऱ्या सेल्सचा कंट्रोल लागतोच पण तो पुरत नाही, आयसोटाइप कंट्रोल, म्हणजे त्याच जातीची पण जीडी न ओळखणारी अँटीबॉडी, इन्फेक्टेड सेल्सवरच लावायचा. आणि तो डायल्युशन बघून नाही, मायक्रोग्रॅम बघून जुळवायचा, कारण दोन बाटल्यांमधलं १:२०० सारखं नसतं.

जमेल तिथे उंदराची मोनोक्लोनल (एकाच प्रकारची अँटीबॉडी) घ्या, जीई-जीआयची जोडी माणसाच्या आणि सशाच्या आयजीजीला चांगली धरते, उंदराच्याला जवळजवळ नाही. सेकंडरी, म्हणजे पहिल्या अँटीबॉडीला (प्रायमरीला) चिकटणारी रंग लावलेली अँटीबॉडीपण, एफसी काढून टाकलेली, म्हणजे नुसत्या एफ-एबी-टू तुकड्याची मिळाली तर उत्तम.

आता प्रत्यक्ष काम. व्हेरो सेल्स (माकडाच्या किडनीचे) आदल्या दिवशी कव्हरस्लिपवर लावा, दुसऱ्या दिवशी ६०-७० टक्के भरलेले हवेत. व्हायरस दर सेलमागे साधारण एक या हिशोबाने द्या. एवढ्याने सगळे सेल्स इन्फेक्ट होत नाहीत, गणिताने साधारण ३७ टक्के कोरे राहतात, आणि मला तेच आवडतं कारण एकाच फील्डमध्ये चमकणारा सेल आणि त्याला खेटून काळा सेल दिसतो. ८ ते १० तासांनी थांबवा. जास्त ठेवलंत तर सेल्स गोल होऊन सुटायला लागतात आणि धुताना निम्मे वाहून जातात. हे सगळं बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) लॅबमध्येच, आणि गॉगल लावूनच, हा व्हायरस डोळ्यात गेला तर कॉर्निया खराब करतो. फिक्स होईपर्यंत प्लेट कॅबिनेटबाहेर काढू नका.

पीबीएसने (मिठाच्या बफरने) हलक्या हाताने धुवा, मग फिक्स करायला ताजं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं. मिथेनॉल नको, त्याने मेम्ब्रेन फाटतं आणि आतलं-बाहेरचं सगळं एकत्र दिसतं. नंतर ०.१ मोलर ग्लायसिन १० मिनिटं, ३ टक्के बीएसएने (गाईच्या अल्ब्युमिनने) अर्धा तास ब्लॉक. इथे कव्हरस्लिप्सचे दोन गट करा, एकाला ब्लॉकच्या आधी ०.१ टक्के ट्रायटन (मेम्ब्रेनला भोकं पाडणारं डिटर्जंट) १० मिनिटं द्यायचं आणि दुसऱ्याला अजिबात नाही. प्रायमरी एक तास, पीबीएसने तीनदा ५-५ मिनिटं, सेकंडरी अंधारात ४५ मिनिटं, परत तीनदा, शेवटी डॅपी (न्यूक्लियसचा रंग) आणि माउंट. प्रायमरी किती लावायची ते बाटलीवरच्या आकड्यावर सोडू नका, १:१०० पासून १:१६०० पर्यंत दुपटीने करून बघा आणि आयसोटाइपपासून जिथे सगळ्यात जास्त फरक दिसतो ते घ्या, जिथे सगळ्यात जास्त चमक दिसते ते नाही.

ट्रायटन नसलेल्या गटात सेलच्या कडेने बारीक, थोडी तुटक अशी रेघ दिसली पाहिजे. ट्रायटनवाल्यात न्यूक्लियसशेजारी गोल्जीचा गोळा आणि न्यूक्लियसच्या कडेलाही चमक येते, ते बरोबर आहे, जीडी तिथेही असतं. पण बिनट्रायटनच्या सेलमध्येच आत चमक दिसली तर मेम्ब्रेन फाटलंय समजा. खात्री करायची तर सोबत ट्युब्युलिनची (सेलच्या आतल्या प्रोटीनची) अँटीबॉडी लावा, ती लागली म्हणजे आत वाट झालीये.

वेस्टर्न ब्लॉटसाठी (प्रोटीन आकाराने वेगळी करून अँटीबॉडीने शोधायची पद्धत) तीच अँटीबॉडी चालेलच असं नाही. जीडीचा आकार तीन डायसल्फाइड बंधांनी धरलेला असतो, काही मोनोक्लोनल तो आकारच ओळखतात, उकळून डीटीटी (हे बंध तोडणारं रसायन) घातलं की बँड गायब. अशा वेळी न उकळता, डीटीटी न घालता एकदा चालवून बघा. बँड ६० किलोडाल्टनच्या आसपास येतो, खाली जी फिकट रेघ येते ती बहुतेक साखर पूर्ण न लागलेलं जीडी असतं.

टाइप १ आणि टाइप २ वेगळे करायला मात्र जीडी वापरू नका, दोघांचं जीडी खूप सारखं असल्याने बऱ्याच अँटीबॉडी दोन्हीला लागतात, त्यासाठी जीजी (ग्लायकोप्रोटीन जी) बघावं. कांजिण्यांच्या व्हायरसकडे तर जीडी नसतंच, त्यामुळे तिथे चमक आली तर परत आयसोटाइपवाली कव्हरस्लिप काढा आणि आधी ती बघा.