गावात कुटुंब नियोजनाचं बोलायला पहिल्यांदा जाताना

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी आई ‘तांबी’ म्हणते, देपालपूरकडच्या गावांत कॉपर-टी म्हणतात. समाजकार्य शिकून मी तिकडे कामाला लागले, तेव्हा घरची मराठी, पुस्तकातली हिंदी आणि समोर माळवी, असं झालं होतं. नव्यानं येणाऱ्या मुलींना सांगेन, आशा दीदीशिवाय, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीशिवाय, कुणाच्या ओट्यावर बसू नका. कुठल्या घरात मूल दगावलंय, हे तिलाच ठाऊक असतं. सोयाबीनच्या कापणीत दुपारी घरं रिकामी असतात, संध्याकाळी जा.

गर्भनिरोधक साधनांची माहिती लवकर पाठ होते. छाया गोळी पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंतरा इंजेक्शन दर 3 महिन्यांनी. कॉपर-टी बाळंतपणानंतर 48 तासांच्या आतही बसवता येते.

माझी चूक वेगळीच झाली. एका विशीतल्या बाईला अंतराचे फायदे सांगितले. पाळी मागेपुढे होते, कधी थांबतेही, हे सांगायचं राहिलं. तिची थांबली. सासू म्हणाली, रक्त पोटात साचतंय. दुसरा डोस तिनं घेतलाच नाही. वर्षभरानं तिला पुन्हा दिवस गेले, पहिलं मूल अजून अंगावर पीत होतं. मला बघून ती आत निघून गेली, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

तेव्हापासून त्रास आधी सांगते, फायदा नंतर, आणि सगळं सासूच्या देखत: रक्त साचत नाही, आतलं अस्तर पातळ राहतं म्हणून पाळी येत नाही. इंजेक्शन सोडल्यावर पुन्हा दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या डोसपासून 7 ते 10 महिनेही, हे सुद्धा. 2016 च्या मिशन परिवार विकास या सरकारी कुटुंब नियोजन मोहिमेत सास-बहू संमेलनं घेतली गेली, ती मला फार पटतात.

पुरुषांशी बोलायला पुरुष कार्यकर्ता सोबत न्या. नसबंदीनं ताकद जाते, हा गैरसमज आहे, पण ती भीती हसण्यावारी न नेता उत्तर द्या. 3 महिन्यांनी वीर्यतपासणी होईपर्यंत निरोध वापरायचा, हे मात्र विसरू नका.

आकड्यांसाठी कुणाच्या मागे लागू नका. वरून लक्ष्य ठरवून देणं सरकारनं 1996 मध्येच बंद केलं. बाई नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली, तर पुढची तारीख कार्डावर लिहून द्या. आणि जिला ते घरी ठेवता येत नाही, तिचं कार्ड आशा दीदीकडे राहू द्या.