कंबर तलावावर पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या विजापूर रोडचा संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव, गाळ आणि जलपर्णी काढून सावरला. तरी फेरी मारून "काही दिसलंच नाही" म्हणत परतणारे कमी होत नाहीत. बहुतेकांचं चुकतं एकाच ठिकाणी: ते थांबत नाहीत.

हिवाळ्यातल्या रविवारी हे हमखास घडतं. आठ-दहा जण येतात, पुढचा मोबाईल उंचावून थेट पाण्याकडे निघतो. आधी टिटवी ओरडते. तिच्या ओरडण्यानं शेकाटे उठतात, मागोमाग बदकं, आणि सगळा थवा मधल्या पाण्यात जाऊन बसतो. मंडळी वळसा घालून पलीकडे धावतात, थवा पुन्हा उठतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या थापट्या बदकाची ताकद अशी वाया घालवायला आपल्याला काय हक्क आहे? उजाडताच पोहोचा. सूर्य पाठीशी राहील असा काठ धरा, झाडाच्या आडोशाला बसा आणि वीस मिनिटं हलू नका. पक्षी आपणहून जवळ येतात. ज्याला वीस मिनिटं निघत नाहीत, त्यानं बागेत फिरावं. दुर्बीण ८ बाय ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरते; १२ पटीची हातात थरथरते, नवशिक्यानं तिच्यावर पैसे घालू नयेत.

दुसरी चूक पाणकणसाला, म्हणजे काठावरच्या उंच पाणगवताला, "घाण" म्हणण्याची. घाण म्हणायची तर जलपर्णीला म्हणा. फुगीर देठाची, फिकट जांभळ्या फुलांची ती वनस्पती तरंगत पसरते, पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि खाली ना ऊन पोचू देते ना हवा. पाणकणीस मुळं रोवून काठाला उभं राहतं, सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद शोषतं, आणि जांभळी पाणकोंबडी त्यातच घरटं करते. काठ खरवडून चकाचक करा अशी मागणी करण्याआधी तिनं जायचं कुठं, हे सांगा.

ब्रेड, चुरमुरे, निर्माल्य पाण्यात टाकू नका. ते कुजताना प्राणवायू खातं आणि त्याच खतावर जलपर्णी पुन्हा फोफावते. घरच्या टाकीतले मासे-कासवं सोडणं हे पुण्य नव्हे, स्थानिक माशांच्या जिवावर उठणं आहे. भडक कपडे नकोत. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, विणीत तर मुळीच नाही.

मोठे थवे हवे असतील तर सोलापूरजवळच्या हिप्परग्याचा एकरुख तलाव गाठा. तिथं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात मात्र उतरू नका. वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो, पण पाय पोटरीपर्यंत जातो.