नवरा मारतो का, हे विचारायला घराघरात जाताय? मग या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात असला सर्व्हे ठेवू नका. प्रश्न विचारत फिरणाऱ्या पोरींना ऊन लागतं म्हणून नाही म्हणत, टोपी, ओआरएस, कांदा खिशात, ते सगळं जमवता येतं. अडचण कूलरची आहे. ४५ डिग्रीला दोन खोल्यांच्या घरातली झाडून सगळी माणसं एका कूलरसमोर येऊन पडतात, सासू, दीर, पोरं, रात्रपाळी करून आलेला नवरा, आणि त्यात तुम्ही टॅब घेऊन बसता आणि त्या बाईला विचारता की गेल्या बारा महिन्यांत नवऱ्याने कधी थापड मारली का. ती काय सांगणार? आणि सासूला म्हणाल आजी जरा बाहेर बसता का, तर बाहेर बसणार कुठे, ओट्याला पाय लावला तर चटका बसतो.

मी हे शिकले ते चुकूनच. बऱ्याच वर्षांआधी एका संस्थेसाठी पारडीकडच्या एका वस्तीत आम्ही असंच मे महिन्यात काम केलं होतं. एक बाई सांबार निवडत बसली होती (पुण्या-मुंबईवाल्यांसाठी, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात), मी प्रश्न वाचत गेले, ती मान खाली घालून नाही, नाही, नाही म्हणत गेली, फक्त एका प्रश्नाला तिचा हात थांबला आणि तिने कूलरकडे बघितलं. कूलरच्या बाजूला सासू झोपली होती. मला वाटलं झोपली आहे, चालतंय, मी "एकांत होता" वर टिक केलं आणि पुढच्या घरी गेले. त्या वस्तीतले बहुतेक फॉर्म असेच नाही-नाही भरून आले आणि ऑफिसात आमचे साहेब खूश, म्हणे वस्ती चांगली दिसते. डिसेंबरात बाळंतपणाच्या दुसऱ्या कामासाठी त्याच गल्लीत गेले तर तीच बाई उन्हात बसली होती, तिने ओळखलं, आणि मी काहीच न विचारता म्हणाली, "तवा बुढी जागी होती न मॅडम, म्हणून नाही सांगतलं." मग अर्धा तास ती बोलली. माझ्या हातात तेव्हा तो फॉर्म नव्हता, म्हणजे आकड्यात ती आजही "नाही" मध्येच आहे.

एकांताच्या रकान्यात आंधळी टिक

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या हिच्या मागून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, त्यात मारहाणीच्या प्रश्नांचा भाग सुरू करायच्या आधी आजूबाजूला कोणी नाही ना हे बघावं लागतं आणि एकांत मिळतच नसेल तर हे प्रश्न विचारायचेच नाहीत, सरळ सोडून द्यायचे असा नियम आहे. शेवटी अजून नोंदवावं लागतं की मधे कोणी आलं का, नवरा आला की दुसरा पुरुष की दुसरी बाई, एकदा की जास्त वेळा. म्हणजे बघा, खोलीत कोण होतं हा सुद्धा डेटा आहे. पण आपल्या लोकल कामांत होतं काय की रोजचं टार्गेट असतं, सोडलेला फॉर्म म्हणजे पैसे कापले, मग पोरगी टिक करून मोकळी होते. टिक करणाऱ्या पोरीवर चिडू नका, सोडलेल्या भागाचे पूर्ण पैसे द्या. आम्ही हे केलं आणि "एकांत नाही" च्या नोंदी लगेच वाढल्या, वस्ती तीच होती.

एकांत मिळवायचा कसा तर दोघी जा. एकीने सासूला धरायचं, घराचा फॉर्म, रेशन कार्ड, शेती, गुडघे, साखर, बीपी, जितका लांबवता येईल तितका लांबवायचा, आजींना बोलायला फार आवडतं आणि तोपर्यंत दुसरी सुनेसोबत मागे मोरीकडे किंवा गच्चीवर. वेळ सकाळी नळ येऊन गेल्यावरची, माणसं कामावर आणि पोरं शाळेत. हिवाळ्यात तर सोनंच, सगळी बुजुर्ग मंडळी उन्हात बाहेर बसतात आणि घर रिकामं.

लेकरांचं विचारतात लोकं. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत केलेला अभ्यास २००५ मध्ये आला, त्यात दोन वर्षांखालचं मूल सोडून तिसरं कोणी खोलीत नको असं ठरलं होतं. दोनच वर्षं का? घरी तीन वर्षांचं पोर असेल तर विचारा, संध्याकाळी बाप आला की "मम्मी लडत होती, त्या मावशीने पाणी दिलं" हे सगळं जसंच्या तसं बाहेर येतं.

आणि कोणी अचानक आत आलं तर? गप्प बसायचं नाही, चेहराही पाडायचा नाही. टॅबवर लसीकरणाचं पान उघडं ठेवा आणि आवाज न बदलता "मग गोवरचा टीका कधी लावला" वर या. बाईला हे आधीच सांगून ठेवायचं की कोणी आलं तर मी विषय बदलीन, ती इतकी पटकन साथ देते की बस.

"तुमच्यावर हिंसा होते का?"

असं विचारणारा फॉर्म मी स्वतः पाहिलाय. हिंसा हा भाषणातला शब्द आहे बाप्पा, चुलीजवळचा नाही. त्याच्यावर बायका म्हणतात छे, आमच्या घरी असलं काही नाही, आणि पाच मिनिटांनी सांगतात की एकदोन थापडा त सगळ्यांच्याच घरी राहते. म्हणून काय घडलं ते एकेक करून विचारायचं, ढकललं का, काही फेकून मारलं का, हात पिरगाळला, केस ओढले, थापड, बुक्की, लाथ, गळा दाबला, चटका दिला. एनएफएचएस मध्ये असंच विचारतात. वेळ लागतो, पण सांगायला दहा जागा मिळतात, पहिल्या प्रश्नाला नाही म्हणालेली चौथ्याला हो म्हणते, तुम्ही फक्त घाईने वाचू नका. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे त्याच्या पाचव्या फेरीत, देशात ४५ टक्के बायकांनी सात कारणांपैकी एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने मारणं बरोबर आहे असं म्हटलं, न सांगता बाहेर गेली, स्वयंपाक नीट केला नाही अशी ती कारणं. आता जिला मार बरोबरच वाटतो ती त्याला हिंसा कशी म्हणेल.

गल्लीत जाहीर करणं

बॅनर लावून "महिला अत्याचार सर्वेक्षण" म्हणत वस्तीत शिरू नका. नाव आरोग्याचं ठेवा, कुटुंबाचं ठेवा, आणि खरा विषय फक्त त्या बाईला, एकटीला, त्या भागाच्या आधी सांगून परत एकदा संमती घ्या. हे फसवणं होतं का असं नवीन मुलं विचारतात. नाही होत, तिला सांगितलंच ना, नवऱ्याला सांगायचं बंधन कुठे आहे. एका घरातून एकच बाई, हा पण नियम पाळा. सासूला आणि सुनेला दोघींना विचारलं की दोघींना कळतं दुसरीला काय विचारलं, मग रात्री त्या घरात काय होईल याची जबाबदारी तुमची.

ओळखीसाठी आशाताईला किंवा अंगणवाडी ताईला सोबत नेतो आपण, दार उघडतं म्हणून. दारापर्यंतच न्या. ती चांगली असते हो, पण ती त्याच गल्लीतली आहे, तिच्या भिशीत या बाईची नणंद आहे. याच कारणासाठी प्रश्न विचारणारी पण त्या वस्तीतली नको, जरीपटक्याची मुलगी दिघोरीला पाठवा आणि दिघोरीची जरीपटक्याला. बोली मात्र इकडचीच पाहिजे, पुस्तकी मराठी ऐकली की बाई सरकारी उत्तर देते.

"अय्या, मग तुम्ही पोलिसात का नाही गेल्या?"

ट्रेनिंगला दोनच दिवस दिले की पोरींच्या तोंडून हे वाक्य येणारच. एनएफएचएस-५ प्रमाणे मार खाल्लेल्या किंवा जबरदस्ती सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांच्या आसपासच बायकांनी कोणाकडे मदत मागितली, बहुतेकींनी तर कोणाला सांगितलं सुद्धा नाही, म्हणजे तुमची इन्व्हेस्टिगेटर, प्रश्न विचारणारी मुलगी, ही कदाचित पहिलीच व्यक्ती जिला ती सांगते आहे. तिथे "अय्या" चालत नाही. सल्ला पण नाही, डोळे मोठे करणं नाही, घड्याळ तर अजिबात नाही. ती रडली तर थांबायचं, पाणी, आणि विचारायचं की पुढे जायचं की इथेच बंद करायचं.

मदतीचं पत्रक देता ना, ते कुठे ठेवणार ती? "कौटुंबिक हिंसाचार" असं मोठ्या अक्षरात छापलेला कागद नवऱ्याला सापडला की संपलं. छोटं कार्ड करा, त्यावर १०८, लसीकरण केंद्र, आणि त्याच ओळीत १८१ आणि ११२, म्हणजे महिला हेल्पलाइन आणि इमर्जन्सीचा नंबर, पण नुसते आकडे. पोलिसांचा भरोसा सेल आणि बायकांना मदत करणारं सरकारी सखी केंद्र, यांचा पत्ता तोंडी सांगा, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, केस न करताही त्याच्याशी बोलता येतं हे पण सांगा. आधी स्वतः त्या नंबरवर फोन लावून बघा, उचलतात का ते.

आणि तुमच्या पोरी. त्यांच्यातल्या एखादीच्या घरी हेच चालू असू शकतं, आम्हाला एकदा तिसऱ्या दिवशी कळलं, ती पोरगी रोज सगळ्यात जास्त "नाही" आणत होती कारण तिला "हो" ऐकवतच नव्हतं. संध्याकाळी चहाला अर्धा तास सगळ्यांना बसवा.

टॅबचं शॉर्टकट

"हो" म्हटलं की पुढे आठ-दहा प्रश्न उघडतात, "नाही" म्हटलं की पान संपतं. हे दुसऱ्या दिवशीच सगळ्यांच्या लक्षात येतं. इन्व्हेस्टिगेटरप्रमाणे आणि तारखेप्रमाणे "हो" चं प्रमाण काढा, पहिल्या आठवड्यात बरं असेल आणि शेवटच्या आठवड्यात घसरलं असेल तर शेवटच्या आठवड्यातले नवरे सुधारले असं समजू नका.

कमी आकडा म्हणजे चांगली बातमी

रिपोर्ट लिहिणाऱ्यांची चूक ही, आणि पेपरवाल्यांची. नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगणाऱ्या बायका कर्नाटकात एनएफएचएस-४ मध्ये २०.६ टक्के होत्या आणि पाचव्या फेरीत ४४.४, चार-पाच वर्षांत दुपटीच्या वर. देशाचा आकडा त्याच काळात ३१ वरून २९ वर आला. आता एका राज्यातले नवरे एवढ्यात एवढे बिघडले असं म्हणायच्या आधी विचारायला पाहिजे ना की दोन्ही वेळेला टीम कोणती होती, ट्रेनिंग कसं झालं, घरात किती जणी एकट्या सापडल्या. वाढलेल्या आकड्यात खरी वाढ असू शकते आणि जास्त मोकळं बोलणं पण असू शकतं, नुसत्या आकड्यावरून ते वेगळं करता येत नाही. म्हणून तुमच्या छोट्या सर्व्हेतही टेबलाखाली लिहाच, किती जणींना विचारताच आलं नाही, किती वेळा कोण मधे आलं, आणि महिना कोणता होता.

बॅकचेकला, म्हणजे फॉर्म खरंच भरला का हे तपासायला, सुपरवायझर जातो तेव्हा त्याने मारहाणीचे प्रश्न परत विचारायचे नाहीत, एकदा धीर करून सांगितलेलं अनोळखी माणसाला दुसऱ्यांदा कोण सांगेल, आणि तो पुरुष असेल तर बोलायलाच नको. त्याने तीनच गोष्टी विचारायच्या, तेही सगळ्या घरी सारख्याच: ताई येऊन गेल्या का, किती वेळ बसल्या, तेव्हा खोलीत अजून कोण होतं. तिसऱ्याचं उत्तर "सासूबाई होत्या ना, झोपल्या होत्या" असं आलं आणि फॉर्मवर एकांताची टिक असेल, तर त्या फॉर्मचा तो भाग गाळा.